अ‍ॅम्लोडिपिन, पायांची सूज आणि इतरांचे अनुभव: आईंची गोळी बंद ठेवावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईंचं वय 62. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम चालू होतं, दोन महिन्यांपूर्वी डोस 10 वर नेला. तेव्हापासून संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात, मधूनच चेहरा तापल्यासारखा होतो. तुम्ही हीच गोळी घेणाऱ्या बऱ्याच जणांचे अनुभव वाचले. कुणाची म्हणे किडनी गेली, कुणाला गोळी सोडल्यावर नवा जन्म मिळाला. ते ऐकून आईंनी चार दिवसांपासून गोळी स्वतःच थांबवली आहे. सूज उतरलेली नाही, बीपी मात्र 128/80 आहे. मग गोळीची गरजच नव्हती का, आणि सूज गोळीची नसेल तर कशाची?

आधी तातडीचं सांगतो. गोळी अशी परस्पर बंद ठेवू नका. ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि तीन गोष्टी स्पष्ट सांगा: डोस वाढवल्यावर सूज आली, चार दिवस गोळी घेतलेली नाही, आजचं बीपी इतकं आहे. डोस कमी करायचा की औषध बदलायचं, हे ते ठरवतील. पण सूज एकाच पायाला जास्त असेल आणि पोटरी दुखत असेल, आडवं झाल्यावर दम लागत असेल, छातीत दुखत असेल, किंवा ओठ, जीभ, चेहरा सुजत असेल तर फोनवर विसंबू नका, लगेच दवाखाना गाठा. त्या सुजेचा अर्थ वेगळा असतो. तुम्ही लिहिल्याप्रमाणे दोन्ही घोट्यांना सारखी सूज आहे, दिवस मावळताना वाढते, सकाळी उठल्यावर कमी असते आणि दम अजिबात नाही. या वर्णनावरून गोळीवरच पहिला संशय जातो.

आता त्या चार दिवसांबद्दल. बीपीची बहुतेक औषधं एका दिवसात बरीचशी शरीराबाहेर जातात. अ‍ॅम्लोडिपिनचं तसं नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला 30 ते 50 तास लागतात, उतारवयात आणि यकृताचा आजार असेल तर त्याहूनही जास्त. म्हणून रोज एकच गोळी पुरते. सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर तरी जातो तोही त्यामुळेच. बंद केल्यावर हेच उलट घडतं. चार दिवसांनंतरही आईंच्या रक्तात औषधाचा चांगलाच अंश शिल्लक आहे. आजचं 128/80 हे त्या शिल्लक औषधाचं आहे, आणि न उतरलेली सूजही त्याचीच. दोन्ही गोष्टींचं उत्तर एकच आहे.

या टप्प्यावर मी अनेक घरांत गैरसमज होताना पाहिला आहे. गोळी सोडली, चार-पाच दिवस बीपी नीट राहिलं, म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलं की आजार गेला. मग मोजणं थांबतं. काही बीपीच्या औषधांचं, उदाहरणार्थ क्लोनिडिनचं, अचानक बंद केलं की बीपी उसळून येतं. अ‍ॅम्लोडिपिन बंद केल्यावर ते हळूहळू, गाजावाजा न करता वर सरकतं. त्रास काहीच जाणवत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. मला या औषधाबाबत सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच शांतपणाची.

सूज नेमकी का येते, हे आईंनाही समजावून सांगा. कारण कळलं की अर्धी भीती जाते. अ‍ॅम्लोडिपिन छोट्या रोहिण्यांच्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांच्या) भिंतीतले स्नायू सैल करतं. रोहिण्या रुंदावतात, बीपी उतरतं. पण रक्त परत नेणाऱ्या बारीक शिरा तितक्या रुंदावत नाहीत. पाटाचं तोंड मोठं केलं आणि पुढची वाट तेवढीच अरुंद ठेवली तर पाणी काठावरून बाजूच्या मातीत मुरतं, तसं मधल्या केशवाहिन्यांमधला दाब वाढून थोडं पाणी बाहेरच्या ऊतींमध्ये झिरपतं. उभं राहिल्यावर हा दाब घोट्यांत सर्वांत जास्त असतो, म्हणून सूज तिथे दिसते आणि रात्री झोपल्यावर ओसरते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे ही सूज शरीरात पाणी आणि मीठ साठल्यामुळे आलेली नाही. हृदय किंवा किडनी थकल्यामुळेही नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. लघवी वाढवणाऱ्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही, कारण बाहेर काढायला जादा पाणी मुळात नसतंच. तरीही असं सर्रास घडतं: अ‍ॅम्लोडिपिनने सूज येते, ती नवा आजार समजून फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध सुरू होतं, त्याने सोडियम-पोटॅशियम घसरतं, रात्री उठावं लागतं, थकवा येतो, पायात गोळे येतात, आणि मग त्या तक्रारींसाठी तिसरं औषध. वयस्क माणूस अंधारात उठताना पडला तर आणखी वेगळंच संकट. आईंना अशी गोळी कुणी सुचवली तर नम्रपणे विचारा, ‘सूज अ‍ॅम्लोडिपिनची असेल तर आधी ते कमी करून बघायचं का?’ यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो. (लघवी वाढवणारीच, पण थायझाइड गटातली गोळी बीपीसाठीच दुसरं औषध म्हणून दिली जाते, तो भाग वेगळा. तिचा हेतू बीपी उतरवणं हा असतो.)

डोसचा संबंध किती थेट आहे ते आकड्यांत दिसतं. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात दिलेल्या चाचण्यांमध्ये सूज येण्याचं प्रमाण 2.5 मिलिग्रॅमवर 1.8 टक्के, 5 वर 3 टक्के आणि 10 वर 10.8 टक्के होतं. औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांत ते 0.6 टक्के होतं. म्हणजे 5 वरून 10 वर जाताना सूज तिपटीहून जास्त वाढते. स्त्रियांमध्ये ती पुरुषांपेक्षा बरीच जास्त आढळली, 14.6 विरुद्ध 5.6 टक्के. प्रत्यक्ष रुग्णांमध्ये, विशेषतः वय झालेल्या, तासन्‌तास उभं राहणाऱ्या आणि पायांच्या शिरा फुगलेल्या बायकांमध्ये, माझ्या पाहण्यात हे प्रमाण याहूनही वरच असतं. आईंची तक्रार खरी आहे, अगदी अपेक्षित आहे, आणि त्यावर उपाय आहेत. ‘मनाचे खेळ आहेत’ असं त्यांना कुणी म्हणालं असेल तर ते चूक आहे.

चेहरा तापणं आणि धडधड याच कारणाने होते. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्वचेकडे रक्त जास्त जातं, हृदय थोडं जोरात चालून त्याची भरपाई करतं. हा त्रास पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांचा आपोआप कमी होतो. सुजेचं मात्र तसं नसतं. ‘सवय होईल’ म्हणून महिनोन्‌महिने वाट पाहण्यात मला अर्थ वाटत नाही. दीर्घकाळ सुजलेल्या घोट्यांवरची त्वचा ताणते, खाजते, कधी काळपट-लाल डाग पडतात.

आता तुम्ही वाचलेल्या अनुभवांकडे येतो. इतर रुग्णांचे अनुभव वाचू नका असं मी कुणालाच सांगत नाही. घोटे सुजतात ही गोष्ट बऱ्याच जणांना डॉक्टरांच्या आधी दुसऱ्या रुग्णाकडून कळते, आणि त्यामुळे ती वेळेवर सांगितली जाते. पण अनुभव वाचताना त्यात चार गोष्टी शोधा: डोस किती होता, त्रास गोळी सुरू केल्यावर किती दिवसांनी आला, सोबत आणखी कोणती औषधं होती, आणि गोळी थांबवल्यावर त्रास किती दिवसांनी गेला. ‘ही गोळी म्हणजे विष’ अशा वाक्यात यातलं एकही उत्तर नसतं. ‘10 सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात घोटे सुजले, 5 वर आल्यावर दोन आठवड्यांत उतरले’ हे वाक्य मात्र तुमच्या खऱ्या उपयोगाचं आहे.

सोबतच्या औषधांचा मुद्दा सगळ्यांत जास्त निसटतो. गुडघेदुखीसाठी घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात. त्यांनी सूजही येते आणि बीपीही चढतं. मग बीपी चढलं म्हणून अ‍ॅम्लोडिपिन वाढवलं जातं आणि सूज दोन्हीकडून येते. मधुमेहाचं पायोग्लिटाझोन आणि नसांच्या दुखण्यासाठी दिली जाणारी प्रीगाबालिन, गॅबापेंटिन यांनीही पाय सुजतात. आईंना यांपैकी काही चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. दुखण्याच्या गोळ्या लोक औषधात मोजतच नाहीत. मी ‘कोणती औषधं घेता?’ असं विचारल्यावर येणारं उत्तर आणि ‘अंग दुखलं की काय घेता?’ असं विचारल्यावर येणारं उत्तर कित्येकदा वेगळं असतं.

किडनीची भीती. अ‍ॅम्लोडिपिनचं विघटन मुख्यतः यकृतात होतं, लघवीवाटे मूळ रूपात जेमतेम दहावा हिस्सा जातो. किडनीचा आजार असलेल्यांनाही त्याचा डोस सहसा कमी करावा लागत नाही. मग ‘या गोळीने किडनी गेली’ असं माणसं मनापासून का सांगतात? कारण वर्षानुवर्षं चढलेलं बीपी स्वतःच किडनीची बारीक गाळणी खराब करत असतं, आणि ते बहुतेकदा कुणाला जाणवत नाही. गोळी सुरू होते, तपासण्या सुरू होतात, आणि आधीच झालेलं नुकसान त्या तपासण्यांत पहिल्यांदा दिसतं. काळाच्या क्रमाने गोळी आधी आणि अहवाल नंतर, म्हणून दोष गोळीवर येतो. अशा माणसाशी वाद घालू नये, पण त्याच्या सांगण्यावरून आपली गोळीही सोडू नये. आईंची शंका पूर्ण फिटावी म्हणून क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्या. बीपीच्या रुग्णाची ती अधूनमधून व्हायलाच हवी. लघवीतून प्रथिनं जात असतील तर औषधांची निवड बदलते. तिथे बीपीच्याच औषधांच्या एसीई इन्हिबिटर किंवा सार्टन या गटांना पहिला मान असतो.

डोकेदुखीबाबत एक गोष्ट मला नेहमी बोलकी वाटते. अ‍ॅम्लोडिपिनबद्दलच्या अनुभवांत ती सतत येते. पण माहितीपत्रकातल्या त्याच चाचण्यांत डोकेदुखी औषध घेणाऱ्यांपैकी 7.3 टक्के आणि बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांपैकी 7.8 टक्के लोकांनी सांगितली. दुखलं दोघांनाही. फक्त ते औषधामुळे होतं असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. अपेक्षेचा शरीरावर किती परिणाम होतो हे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात दिसलं. हृदयविकाराच्या 96 पुरुषांना अ‍ॅटेनोलॉल हे बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती आणि बीपी उतरवणारं औषध, दिलं. काय औषध आहे हे ज्यांना सांगितलं नव्हतं त्यांच्यात लैंगिक ताठरतेची तक्रार 3.1 टक्के होती. औषधाचं नाव सांगितलेल्यांत 15.6 टक्के. नाव आणि हा दुष्परिणाम दोन्ही सांगितलेल्यांत 31.2 टक्के. म्हणून दुष्परिणाम लपवावेत असं मी म्हणत नाही, रुग्णाला ते कळायलाच हवेत. पण भीतीने भरलेले अनुभव एकामागून एक वाचून मग पहिली गोळी घेणाऱ्याच्या मनात आणि अंगात काय चाललं असेल, हे घरच्यांनी ओळखावं. सूज घोट्यावर बोट दाबून दिसते, डाग दिसतो, बीपी मोजता येतं. अशा मोजता येणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करा.

पहिल्या काही आठवड्यांतला थकवा, हलकं डोकं, ‘अंगात जीव नाही’ ही तक्रारही खरी असते. वर्षानुवर्षं 170 ला सरावलेलं शरीर 130 वर आलं की त्याला जुळवून घ्यायला वेळ लागतो. झोपून एकदम उठू नये, कडेला बसून मग उभं राहावं. पण चक्कर येऊन पडायला होत असेल किंवा वरचा आकडा 100 च्या खाली जात असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी कळवायचं.

आता पुढे काय करता येईल. पहिला आणि सोपा मार्ग म्हणजे डोस परत 5 वर आणणं. अनेकांची सूज तेवढ्यानेच एक-दोन आठवड्यांत उतरते. बीपी मग पुरेसं राहील का, ही शंका रास्त आहे. त्याचं उत्तर एकाच औषधाचा डोस वाढवत नेण्यात नाही. 2009 मध्ये 42 चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसलं की वेगळ्या गटातलं दुसरं औषध जोडल्याने बीपी जितकं जास्त उतरतं ते पहिल्याच औषधाचा डोस दुप्पट करण्याच्या सुमारे पाचपट असतं. थोडक्यात, 10 मिलिग्रॅमचा फायदा थोडा आणि त्रास बराच. 5 ला जोड देण्याचा फायदा मोठा.

ही जोड टेल्मिसार्टन, लोसार्टनसारख्या सार्टन गटातली किंवा एसीई इन्हिबिटर असेल तर आणखी एक लाभ मिळतो. ही औषधं बारीक शिराही रुंदावतात, त्यामुळे केशवाहिन्यांतला कोंडलेला दाब हलका होतो आणि सूज कमी होते. लघवीच्या गोळीने जे साधत नाही ते इथे साधतं. अर्थात त्यांच्याही अटी आहेत. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायचं. एसीई इन्हिबिटरने साधारण दहातल्या एकाला कोरडा खोकला लागतो, सार्टनने तो क्वचितच होतो. गर्भारपणात हे दोन्ही गट चालत नाहीत. आईंना तो प्रश्न नाही, पण वाचणाऱ्या तरुण मुलींनी लक्षात ठेवावं. काही डॉक्टर याच जातीतली सिल्निडिपिन किंवा एस-अ‍ॅम्लोडिपिन देतात, त्यांनी सूज कमी येते. एवढं करूनही सूज राहिलीच तर अ‍ॅम्लोडिपिन सोडून द्यावं. ते उत्तम औषध आहे, पण अपरिहार्य नाही. 2002 मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या ऑलहॅट या 33,357 जणांच्या चाचणीत जीवघेणा हृदयविकार आणि हार्ट अटॅक यांचं प्रमाण क्लोरथॅलिडोन (थायझाइडसारखं औषध), अ‍ॅम्लोडिपिन आणि लिसिनोप्रिल (एसीई इन्हिबिटर) या तिघांवर जवळपास सारखंच निघालं. हृदयाची पंपिंगची ताकद कमी पडण्याचा प्रकार मात्र अ‍ॅम्लोडिपिनवर क्लोरथॅलिडोनपेक्षा जास्त दिसला, म्हणून दम लागण्याची तक्रार मी कधीच हलक्यात घेत नाही.

पाय उशीवर उंच ठेवणं, एका जागी फार वेळ उभं न राहणं, चालणं, याने आराम पडतो. मीठ कमी केल्याने ही सूज विशेष हटणार नाही, पण बीपी उतरेल, म्हणून ते करावंच.

गोळी सकाळी घ्यावी की रात्री, हेही तुम्ही विचारलं आहे. ब्रिटनमधल्या टाइम या चाचणीत 21,000 हून अधिक लोकांना पाच वर्षांहून जास्त काळ पाहिलं. 2022 मध्ये आलेला निष्कर्ष असा की हार्ट अटॅक, पक्षाघात आणि त्यांमुळे होणाऱ्या मृत्यूंच्या बाबतीत दोन्ही वेळा सारख्याच. जी वेळ चुकणार नाही ती आईंची वेळ. एखाद्या दिवशी गोळी राहिली आणि 12 तासांहून जास्त उलटून गेले तर ती सोडून द्यावी, पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी. दोन एकदम घेऊ नयेत.

हिरड्यांकडे लक्ष ठेवा. काहींच्या हिरड्या या औषधाने फुगतात, दातांवर चढतात, ब्रश करताना रक्त येतं. लोक दातांच्या डॉक्टरकडे जातात, पण बीपीच्या गोळीचं नाव तिथे काढत नाहीत. कोलेस्टेरॉलसाठी सिम्वास्टॅटिन चालू असेल तर अ‍ॅम्लोडिपिनसोबत त्याचा डोस 20 मिलिग्रॅमच्या वर नसावा. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मध्येच सुरू झालं तर अ‍ॅम्लोडिपिनचं रक्तातलं प्रमाण वाढून बीपी फार खाली येऊ शकतं, तेव्हा तसं आधी सांगा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी बीपी मोजून ठेवा. दंडाला बांधायचं यंत्र हवं, पट्टा दंडाच्या मापाचा हवा. चहा, कॉफी, तंबाखू यांनंतर अर्धा तास जाऊ द्या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, हात हृदयाच्या पातळीवर टेकवून पाच मिनिटं शांत बसा, बोलू नका. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरच्या मापाला 135/85 आणि त्यावर जास्त धरतात. सोबत रोज संध्याकाळी सूज किती वर आली, तेही लिहा: घोट्यापर्यंत की नडगीपर्यंत, बोट दाबल्यावर खळगा राहतो का. डोस बदलल्याची तारीख त्याच कागदावर ठळक असू द्या. अशा कागदावरून दोन मिनिटांत निर्णय होतो.

औषध बदललं तर घरी आल्यावर सर्वांत आधी जुन्या गोळ्या बाजूला काढा. दोन औषधं एकाच गोळीत असलेल्या जोडगोळ्यांमध्ये बऱ्याचदा अ‍ॅम्लोडिपिनच असतं, आणि नाव वेगळं असल्यामुळे ते ओळखू येत नाही. नवी गोळी सुरू आणि जुनी 10 चीही चालूच, असं झालेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि ते सूज वाढली म्हणून येतात. नव्या पाकिटावरचं औषधाचं मूळ नाव औषध देणाऱ्याकडून वाचून घ्या आणि आईंना गोळी दाखवून सांगा की आता रोज फक्त ही.